वर पाणी झोपलंय

"अभिनंदन!" हॉस्पिटलची डायलिसिस टेक्निशियन फरजाना मुजावर म्हणाली आणि माझ्याच सहीचा रिपोर्ट तिनं माझ्याच टेबलावर आपटला. "तुमच्या लॅबच्या मते हे पाणी डायलिसिसला उत्तम आहे."

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"आमच्या हॉस्पिटलमागे म्हशींचा हौद आहे ना, त्यातलं आहे ते."

मी रिपोर्ट उचलला. नमुना 'ब'. निकाल : विषांश आढळला नाही. खाली माझी सही, ओंकार तरटे, सहायक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि शेजारी लॅबचा गोल शिक्का. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. शिक्का मारायला मिळतो एवढ्यावर मी नोकरीत खूश होतो, आणि हा शिक्का तर विशेष सुबक उमटला होता.

"पण पाणी नितळ होतं," मी म्हणालो.

"असणारच. बारीक फिल्टरमधून मारलं मी ते. दिसायला नितळ. पण आत काय काय मरून विरघळलं असेल याचा विचार करा. चार म्हशी पितात त्यात. एक तर बसते."

आतल्या खोलीतून हर्डीकर सर बाहेर आले. लॅब त्यांची. सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं पाणी तपासून निवृत्त झाल्यावर राहवेना, म्हणून त्यांनी धानोलीसारख्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर ही लॅब काढली होती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुणाला झापायचं असलं की ते चष्मा काढत. समोरच्याचा चेहरा धूसर दिसला की त्यांना जोर येई.

"म्हणजे तू नमुना देताना खोटं सांगितलंस?"

"मी काहीच सांगितलं नव्हतं सर. 'अ' आणि 'ब' एवढंच लिहिलं होतं. 'अ' आमच्या डायलिसिसचं पाणी, 'ब' हौदाचं. तुम्ही दोन्ही पास केलीत."

"हा विश्वासघात आहे."

"कुणाचा? म्हशींचा?"

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पण ते दोन शब्द आठवले की अजून माझे कान गरम होतात.

जंतू मेले म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं लोकांना वाटतं. शाळेत मीही तसंच लिहून मार्क मिळवले होते. पण काही जंतू मोठे खुनशी असतात. मेल्यावर त्यांच्या अंगाचे तुकडे पाण्यात सुटतात, आणि ते तुकडे हेच विष. पाणी उकळा, गाळा, उन्हात ठेवा, ते तिथंच. पोटात गेलं तर फारसं काही होत नाही, म्हणून म्हशी मजेत असतात. पण डायलिसिसच्या मशीनमध्ये एका पडद्याच्या अलीकडे माणसाचं रक्त असतं आणि पलीकडे एका बैठकीला सव्वाशे लिटर पाणी वाहतं. तिथून हे विष रक्तात शिरलं, की माणूस भर उन्हाळ्यात दातखीळ बसेपर्यंत कुडकुडतो.

ते शोधायची युक्ती समुद्रातून आलेली. खेकड्याचा लांबचा नातेवाईक म्हणावा असा एक प्राणी आहे, ढालीसारख्या पाठीचा आणि निळ्या रक्ताचा. त्याच्या रक्ताला हे विष नुसतं दिसलं तरी ते गोठतं. त्या रक्तापासून केलेली चिमूटभर पावडर बारीक नळीत घ्यायची, त्यात पाणी घालायचं, बूच लावायचं, अंगाइतक्या कोमट पाण्याच्या टाकीत तासभर उभी ठेवायची आणि मग नळी अलगद उलटी करायची. आतलं खरवसासारखं घट्ट होऊन वरच चिकटून राहिलं तर पाण्यात विष आहे. ओघळून खाली आलं तर पाणी चांगलं.

आमच्याकडे नेहमी ओघळायचं.

"अप्पा काल आले नाहीत," फरजाना म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"कोण, आपले कोरेअप्पा?"

"तुमच्या पायाखालचे."

आमच्या बरोबर खाली रामलिंगअप्पा कोऱ्यांची पिठाची गिरणी होती. इमारत त्यांचीच. अप्पांच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी ते फरजानाच्या मशीनवर चार तास पडून यायचे आणि परत येऊन गिरणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. मला ते 'डॉक्टर' म्हणत. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच.

"महिनाभर चालू आहे हे," ती म्हणाली. "मशीन लावून अर्धा तास झाला की थंडी. आधी दोघांना, मग पाच जणांना. अप्पांना सगळ्यांत जास्त. शुक्रवारी सहा चादरी घातल्या आणि वरून मी धरून बसले. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, सर, पाणी बघा. ते म्हणाले, पाण्याचा रिपोर्ट दर आठवड्याला चांगला येतो, तू मशीन नीट धूत नसशील."

"आणि अप्पा?"

"काल मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, पोरी, पाणी चांगलं, मशीन चांगलं, म्हणजे माझं अंगच आता नको म्हणतंय. त्याला कशाला त्रास द्यायचा? आता येत नाही मी." तिनं माझ्या सहीवर बोट ठेवलं. "तुमचा रिपोर्ट आहे त्यांच्याकडे. माझ्याकडूनच मागून घेतला होता. घडी करून बंडीच्या खिशात ठेवलाय. म्हणाले, आपल्या डॉक्टरची सही आहे, खोटं असणार नाही."

"डायलिसिस नाही केलं तर किती..."

"आठवडा. दहा दिवस म्हणजे फार झाले. पाय आत्ताच सुजलेत. आडवं झालं की दम लागतो."

मी त्या सुबक शिक्क्याकडे बघितलं. तो एकदम मला दुसऱ्या कुणीतरी मारल्यासारखा दिसायला लागला.

"पावडरचं किटच खराब असेल," मी म्हणालो.

"अशक्य!" सर कडाडले. "सोमवारी मी स्वतः उघडलंय. ठरलेलं विष घालून परीक्षा घेतली. नळी उलटी केली, दगड! हलवली तरी पडेना. वही बघ."

ही सरांची पद्धत. खरं तर प्रत्येक वेळी नमुन्यांसोबत एक नळी मुद्दाम विष घातलेली ठेवायची असते, चाचणी जागी आहे ना ते कळायला. पण ती पावडर परदेशातून यायची आणि सरांना तिचा कण वाया घालवायचा म्हणजे पाप वाटायचं. म्हणून नवीन किट आलं की सोमवारी एकदाच परीक्षा. सोमवारीच, कारण सोमवारी जरा निवांत असतं, असं ते म्हणत. का निवांत असतं हा प्रश्न दोघांपैकी एकालाही कधी पडला नव्हता. आम्ही शास्त्रज्ञ होतो.

"टाकी कमी गरम असेल?" फरजानानं विचारलं.

थर्मामीटर घालून बघितलं. सदतीस.

"तासाच्या आत काढत असाल?"

"मी घड्याळासमोरून उठत नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. मला तेवढंच काम होतं.

"मग धक्का लागत असेल. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, त्या तासात नळी जरासुद्धा हलली तर गोठलेलं मोडतं. आणि एकदा मोडलं की परत गोठत नाही."

यावर सर हसले. दयेनं हसले. त्यांनी बोट दाखवलं. भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरात पाटी होती : 'नळ्या चालू आहेत. बोलू नये. चालू नये. शिंकू नये.'

"त्या तासात आम्ही पंखा बंद करतो," सर म्हणाले. "चपला काढतो. हा तरटे गेल्या बुधवारी बावन्न मिनिटं शिंक दाबून बसला होता. खाली मिरची कांडत होते तरी! डोळे बाहेर आले होते त्याचे, पण हलला नाही. आणि तू मला धक्क्याचं सांगतेस?"

माझ्याकडे फरजानानं पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं. तेवढ्यात तिची नजर माझ्यावरून टेबलावर गेली.

"सर," ती म्हणाली, "तुमचा चष्मा निघाला."

सरांचा चष्मा टेबलावरून सावकाश चालला होता. दौतीच्या बाजूनं त्यानं वळण घेतलं, रिपोर्टाच्या कागदावर चढला, उतरला आणि काठाशी आला. सरांनी न बघता हात पुढे केला. चष्मा हातात पडला.

"अकरा वाजले," सर म्हणाले.

"अकराला चष्मा का पडतो?"

"पावणेअकराला ठेवतो म्हणून," मी म्हणालो.

आणि मग मला ते ऐकू आलं.

तीन वर्षं मी तिथं काम करत होतो आणि ते मला ऐकू आलं नव्हतं. खालच्या गिरणीची घरघर. पहिल्या आठवड्यात ती माझ्या दातांत शिरली होती, दुसऱ्या आठवड्यात विरून गेली. बाटल्या सरकतात म्हणून आम्ही प्रत्येकीभोवती खडूनं गोल काढला होता. कॅलेंडरचा खिळा दर महिन्याला ठोकत होतो. घरी गेल्यावर पलंग हलत नाही म्हणून मला झोप लागत नव्हती. आणि या सगळ्याच्या मधोमध, चपला काढून, पंखा बंद करून, आम्ही शिंक दाबून बसत होतो.

मी टाकीपाशी गेलो, झाकण काढलं. आतल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. रिकाम्या नळ्यांचा स्टँड मधोमध उभा राहून मंदपणे किणकिणत होता.

"सर," मी म्हणालो, "सोमवारी गिरणी बंद असते."

"अर्थात. सिद्धेश्वराचा वार. अप्पा सोमवारी चाकाला हात लाव..."

ते तिथंच थांबले. चष्मा त्यांनी घातला. मग पुन्हा काढला. मग कुठं ठेवावा ते सुचेना म्हणून हातातच धरला.

"किती नळ्या राहिल्यात किटात?" त्यांनी हळू विचारलं.

"चार."

"एक ठरलेल्या विषाची. एक शुद्ध पाण्याची. 'अ' आणि 'ब'." सर म्हणाले. "जा खाली."

"टाकीच दुसरीकडे नेली तर?" फरजाना म्हणाली.

"ती टाकी आली तेव्हा ही भिंत नव्हती," मी म्हणालो आणि जिन्याकडे पळालो.

खाली दिवाळी पेटली होती. परवा वसुबारस. बायकांची रांग गिरणीच्या दारातून निघून सायकलच्या दुकानापर्यंत गेली होती आणि प्रत्येकीच्या पायाशी भाजणीचा डबा. महानंदाक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, वजन करून डबे पुढे घेत होत्या. अप्पा तोंडाशी खुर्चीत. पाय दुसऱ्या खुर्चीवर, सुजून टम्म. डोक्यापासून भुवयांपर्यंत पीठ. त्यांच्यापाशी उभं राहिलं की कानात फक्त पट्ट्याचा फटफटाट आणि दगडांची घरघर.

"अप्पा! गिरणी बंद करा!"

"आँ?"

"बंद! एक तास!"

"डोस्कं फिरलं का डॉक्टर?" अप्पा ओरडले. "चौतीस डबे हायत! भाजलेलं धान हाय, वारं लागलं की मऊ पडतंय!"

"तुमच्यासाठीच! तुमचं पाणी तपासायचंय!"

"तपासलंस की! चांगलंय!" त्यांनी बंडीच्या खिशावर थाप मारली. पीठ उडालं. "आता माझं ऱ्हाऊ दे. एवढ्या बायांची भाजणी तेवढी माझ्या हातनं जाऊ दे. चकल्या खातील, नाव काढतील. मग मी मोकळा."

म्हणजे माणसानं मरायचं ठरवलं होतं, पण भाजणी दळून. आणि ठरवलं होतं माझ्या सहीवर.

"अप्पा, तो रिपोर्ट खोटा आहे!"

"आँ?"

"रिपोर्ट! खोटा!"

"मोठ्यानं बोल की, जेवला नाहीस का?"

मी छाती भरून घेतली. "मी दिलेला रिपोर्ट खोटा आहे! गेले कित्येक महिने मी खोटे रिपोर्ट देतोय!"

यातलं शेवटचं वाक्य पूर्ण शांततेत उच्चारलं गेलं. कारण या दमातल्या पहिल्या 'खोटा'लाच महानंदाक्कांनी हात वर करून खटका ओढला होता, आणि पट्टा दोनदा फटफटून थांबला होता. चौतीस बायका माझ्याकडे बघत होत्या. सायकलच्या दुकानातला माणूस बघत होता. समोरच्या विजेच्या तारेवरचे पारवे एकदम उडाले. त्यांनाही ती शांतता सोसवेना.

"कुणी बंद केली?" अप्पांनी विचारलं.

"मी," अक्का म्हणाल्या.

"बावीस वर्षांत चालू दिवशी..."

"बावीस वर्षं तुमचं ऐकलं. एक तास ह्याचं ऐकू द्या."

मग मी सगळं सांगितलं. गिरणी हलते, माडी हलते, टाकी हलते, नळी हलते. गोठतं ते मोडतं, मोडलं की ओघळतं, ओघळलं की मी शिक्का मारतो. अप्पा ऐकत होते. पिठातून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "माझीच गिरणी माझं इख लपवतीय?"

"असेल. अजून ठाऊक नाही. पाणी खरंच चांगलंही असेल."

"तसं निघालं तर मग खरंच माझं अंगच गेलं म्हणायचं."

अप्पांनी मान हलवली. "जा. एक तास. पण बाया काय म्हणत्यात बघ."

रांगेत पहिल्या होत्या सुलोचनाकाकू. त्यांचा डबा नुकताच वर उचलला गेला होता, म्हणजे अन्याय सगळ्यांत जास्त त्यांच्यावर. त्यांनी पदर खोचला.

"तासभर काय, संध्याकाळपर्यंत बसू," त्या म्हणाल्या. "पण आम्ही करायचं काय?"

"काहीच नाही काकू. हलायचं नाही. धक्का नको, दणका नको."

"एवढंच? घरी ते आमचे हेच करतात दिवसभर."

वर धावलो. सरांनी चारही नळ्या तयार ठेवल्या होत्या. अकरा वाजून अठरा मिनिटांनी नळ्या टाकीत उतरल्या. फरजानानं झाकण ठेवलं आणि ती जिन्याच्या तोंडाशी पहारा द्यायला बसली. सरांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे संशयानं बघत राहिले. तो हलला नाही.

पहिली वीस मिनिटं मी आयुष्यात एवढी शांतता ऐकली नव्हती. खालून बांगड्यांचा आवाज आला तरी तीस गळे 'श्शऽऽ' करत. पंचविसाव्या मिनिटाला सायकलवाल्यानं टायरमधली हवा सोडली. बायकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं दुकान ओढून घेतलं, तेही हळू.

चाळिसाव्या मिनिटाला मला खिडकीतून दूरवर गाणं ऐकू आलं.

ऊस. कारखाना चालू होऊन चारच दिवस झाले होते. पेठेच्या टोकाशी ट्रॅक्टर वळला. मागे दोन ट्रॉल्या, मोळ्या आभाळाला टेकलेल्या, आणि टपावर दोन भोंगे. तो गेला की आमच्या फडताळातल्या काचा दहा मिनिटं बोलत राहायच्या.

"सर, ट्रॅक्टर!" मी पुटपुटलो.

सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. बोलू नये.

मी खिडकीतून हातवारे करायला लागलो. खाली सुलोचनाकाकूंनी वर बघितलं, मग रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. एक अक्षर न बोलता त्यांनी आपला डबा उचलला, रस्त्याच्या मधोमध नेला आणि बाळाला निजवावं तसा अलगद ठेवला. मागून दुसरी आली. मग तिसरी. मिनिटाभरात चौतीस डबे पेठेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीनं लागले, आणि चौतीस बायका त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. अनवाणी. चपला कुणी काढायला सांगितल्या होत्या देव जाणे.

ट्रॅक्टर वीस पावलांवर थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय मोर्चा हाय का?"

"गाणं बंद कर," सुलोचनाकाकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आँ?"

"गाणं बंद कर मेल्या, आणि इंजिनपण. वर पाणी झोपलंय."

ड्रायव्हरनं वर बघितलं. खिडकीत मी होतो, ओठांवर बोट ठेवून. त्यानं चौतीस डब्यांकडे बघितलं, चौतीस बायकांकडे बघितलं. बायको असणार त्याला. त्यानं गाणं बंद केलं, इंजिन बंद केलं, आणि थोड्या वेळानं तोही खाली उतरून, का ते न कळता, चपला काढून उभा राहिला.

बारा वाजून अठरा.

मी झाकण काढलं. पाणी आरशासारखं होतं. मला त्यात माझं तोंड दिसलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

पहिली नळी, शुद्ध पाण्याची. सरांनी चिमटीत धरली, अलगद उलटी केली. ओघळली. बरोबर.

दुसरी, ठरलेल्या विषाची. उलटी केली. वरच राहिली. सरांनी डोळे मिटले. बुधवार असून राहिली होती.

तिसरी, म्हशींची. उलटी केली. घट्ट! फरजानानं मूठ आवळली. "सांगत होते," ती कुजबुजली. "बसते ती त्यात."

चौथी सरांनी उचलली नाही. "तू," ते मला म्हणाले. "सही तुझी आहे."

मी 'अ' नळी धरली. काच कोमट होती, ताप उतरत आलेल्या माणसाच्या मनगटासारखी. मी ती तिरकी केली. अजून तिरकी. आडवी. पाणी असतं तर एव्हाना आलं असतं. मी पूर्ण उलटी केली आणि श्वास धरून उभा राहिलो.

काही पडलं नाही.

"खराब आहे!" फरजाना किंचाळली. पाटीबिटी सगळं गेलं. "पाणी खराब आहे!"

मी नळी उलटी धरून, वरातीत दिवा सांभाळतात तसा, जिना उतरलो. "अप्पा! खराब आहे! विष आहे पाण्यात!"

पेठेत असा जल्लोष उठला की विचारू नका. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. "खराब निघालं गं बाई, खराब निघालं!" ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. सायकलवाल्यानं दुकान उघडून विचारलं, "कोण निवडून आलं?"

अप्पा खुर्चीतच होते. मी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. पांढुरकी, वरच्या वर चिकटलेली बोटभर साय.

"हे ते?"

"हेच."

"म्हंजे माझं अंग..."

"तुमच्या अंगाला काही झालेलं नाही अप्पा. ते बिचारं महिनाभर थंडी वाजवून सांगत होतं. आम्हीच ऐकत नव्हतो."

अप्पांच्या गालावरच्या पिठातून दोन ओल्या वाटा उतरल्या आणि मिशीपाशी थांबल्या. मग त्यांनी नळी स्वतःच्या हातात घेतली, उलटीच, आणि अक्कांकडे वळून म्हणाले, "लाव खटका. बायांची भाजणी मऊ पडंल."

गिरणी सुरू झाली. पट्टा फटफटला, दगड घरघरले. आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, अप्पांच्या हातातल्या नळीत, ती साय थरथरली, एका बाजूनं सुटली आणि ओघळत खाली आली.

नळीत नितळ पाणी उरलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, उत्तम आहे.

"वा रे वा," अप्पा म्हणाले. त्यांनी बंडीच्या खिशातून माझा रिपोर्ट काढला, त्याची पुडी केली आणि गिरणीच्या तोंडात टाकायला हात उचलला. सुलोचनाकाकू ओरडल्या, "अहो, माझी भाजणी आहे आत!" तेव्हा मग तो त्यांनी माझ्या खिशात घातला.

हॉस्पिटलनं त्याच दुपारी पाणी बंद केलं. पुढे नळांची जोडणी उकलली तेव्हा एका जुन्या, कुठंच न जाणाऱ्या पाइपच्या टोकात वीतभर बुळबुळीत गाळ सापडला. अप्पांना आणि बाकीच्यांना जिल्ह्याच्या गावी पाठवलं. अप्पा जाताना फरजाना गाडीत शेजारी बसली होती, मांडीवर सहा चादरींची चवड घेऊन. संध्याकाळी तिचा फोन आला. मागे मशीनची टिकटिक चालू होती.

"चादरी?" मी विचारलं.

"त्यांनी उशाला घेतल्यात. म्हणतात, पंखा लाव."

मी फोन ठेवला तेव्हा सर हॉस्पिटलच्या पाण्याचं आठ महिन्यांचं रजिस्टर उघडून बसले होते. प्रत्येक बुधवारच्या ओळीवर ते पट्टी धरून लाल रेघ मारत होते आणि प्रत्येक रेघेखाली स्वतःची सही करत होते. माझ्या सहीशेजारी, जरा मोठी.

अप्पांनी त्यानंतर नऊ दिवाळ्यांची भाजणी दळली. परत आल्या आल्या त्यांनी रंगाऱ्याला बोलावून गिरणीवर पाटी लावून घेतली : 'बुधवारी ११ ते १२ गिरणी बंद. वर पाणी झोपलेले असते.' आणि नऊ वर्षं त्या तासाला ते स्वतः खटक्यापाशी बसत. कुणी शिंकलं तरी वळून बघत.

आता अप्पा नाहीत. लॅबही नाही तिथं. ती आता फरजाना आणि मी चालवतो, नवीन इमारतीत, तळमजल्यावर. टाकी काढायला भिंत फोडावी लागली. पण पाटी अजून आहे. परवा बुधवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. अकरा वाजले तशी महानंदाक्कांनी खटका ओढला. रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले आणि चपला काढल्या. नवीन आलेल्या एका सुनेनं विचारलं, का हो? तिला चारही बाजूंनी 'श्शऽऽ' झालं.

वरती आमच्या जुन्या जागेत सध्या झुंबाचा क्लास आहे. बुधवारी अकरा ते बारा तिथं पंचवीस जणी उड्या मारतात. माडी हलते, कौलं हलतात, पाटीसुद्धा हलते. खाली मात्र सगळे श्वास धरून उभे असतात.